तोंड दिसलं पाहिजे

कॉम्प्युटर आला तेव्हा आमच्या वृद्धाश्रमात पहिलं भांडण झालं ते तो ठेवायचा कुठे यावरून. मॅनेजरना तो ऑफिसात हवा होता. पिराजीनं ते ऐकलं आणि म्हणाला, "म्हाताऱ्यांच्या नावानं आणायचा आणि सायबानं त्येच्यावर पत्तं खेळायचं. लई बेस!" पिराजी एसटीत ड्रायव्हर होता. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली तरी तो अजून इंजिनाच्या वर आवाज चढवूनच बोलायचा, त्यामुळे तो बोलला की विषय तिथेच संपायचा. कॉम्प्युटर हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी आला आणि धूळ बसू नये म्हणून कुणीतरी त्याच्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरला.

२००८ सालची गोष्ट. आमचा आश्रम फुलेवाडीच्या पुढे, गगनबावड्याच्या रस्त्याला. ताराबाई पार्काकडच्या बायकांचं एक मंडळ होतं. त्यातल्या एकीच्या यजमानांचा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखाना होता. तिथले कॉम्प्युटर बदलले, त्यातला एक त्यांनी आम्हाला दिला आणि तो शिकवायला मंडळातल्या बायका दर शनिवारी येऊ लागल्या. सुरुवातीला पाच-सहाजणी येत. पुढे उन्हं वाढली तशा गळत गेल्या आणि नेमानं येणाऱ्या एकट्या शिवलीलाताई उरल्या.

शिवलीलाताईंबद्दल वाईट लिहावं असं मला वाटत नाही. त्यांच्या सासऱ्यांचं लक्ष्मीपुरीत धान्याचं मोठं दुकान होतं, घरात माणसांचा राबता होता, तरी त्या चार वाजता दारात हजर असत. येताना डब्यातून भडंग आणत. आम्ही चुकलो तरी कधी आवाज चढवला नाही. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला गोल बसवलं आणि प्रत्येकाला विचारलं, "तुमचं कोण कुठं असतं?" कुणाचा मुलगा पुण्यात, कुणाची मुलगी दुबईत. त्या लिहून घेत होत्या. माझ्यापाशी आल्या.

"आणि तुमचं हो, काका?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

माझी बायको गेली होती आणि मूल झालं नव्हतं. मी मलकापूरला वाचनालयात ग्रंथपाल होतो, एवढंच माझं सांगण्यासारखं. शिवलीलाताई गोंधळल्या. मग हसून म्हणाल्या, "मग तुम्हाला आपण टायपिंग शिकवू हं."

मला ते लवकर आलं. हुशारीमुळे नव्हे, इतरांना बोलायला माणसं होती आणि मला नुसत्या कळा होत्या. पुढे पुढे ताई नसतील तेव्हा कॉम्प्युटर सुरू करायचं, बंद करायचं काम माझ्याकडे आलं. मी कोणाला काही शिकवावं अशी माझी लायकी आहे असं मला वाटत नव्हतं, पण नाही म्हणायलाही धीर लागतो.

सगळ्यांना ओढ होती ती कॅमेऱ्याची. डोळ्याएवढा कॅमेरा पडद्याच्या वर बसवला होता. त्यातून मुलं दिसत, नातवंडं दिसत. सुरुवातीचे शनिवार सणासारखे गेले. म्हाताऱ्या दुपारपासून वेण्या घालून बसत. शिवलीलाताई सांगायच्या, "कोपऱ्यात ती छोटी चौकट आहे ना, त्यात तुम्ही दिसता. तिकडं लक्ष ठेवा. हसताय ना? मुलं दिवसभर कामानं दमलेली असतात. त्यांच्यापुढं दुखणी काढायची नाहीत. छान छान बोलायचं."

आणि सगळे छान छान बोलत. गुडघे धरलेली माणसं "मस्त फिरून आलो" म्हणत. एरवी जेवणातल्या आमटीवरून भांडणारी माणसं "इथं काय कमी न्हाय बघ" म्हणत. शिवलीलाताई माउस धरून बाजूला बसलेल्या असत, त्यामुळे वेगळं काही बोलायची सोयही नव्हती. परक्या माणसासमोर घरचं काढायचं नाही, ही आमच्या पिढीची सवय.

त्याचा एक परिणाम हळूहळू दिसायला लागला. आधी कळला तो पिराजीला. बनाबाईंची लेक इचलकरंजीला असते. तिचा नवरा लूमवर पाळीनं कामाला. ती महिन्यातून एकदा एसटीनं यायची, आईला न्हाऊ घालायची, डोकं विंचरायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. कॅमेरा आल्यावर ती तिकडच्या सायबर कॅफेत जाऊन आईशी बोलू लागली.

"बनाबाई, लेक आली न्हाय वाटतं ह्या महिन्यात?" पिराजीनं विचारलं.

"गेल्या शनवारी बोलली की. दिसती ना मला दर आठवड्याला."

"दिसती खरं. पर डोस्कं कोण इंचरतंय?"

बनाबाईंचा हात अंबाड्याकडे गेला. शिवलीलाताई म्हणाल्या, "पिराजीकाका, तुम्ही ना, चांगल्या गोष्टीत पण खुसपट काढता." पिराजी म्हणाला, "खुसपट न्हाय ताई. इचलकरंजीची गाडी मीच हाणत हुतो. तासाभराची वाट हाय."

शांतव्वाकडे मी इतके दिवस फारसं लक्ष दिलं नव्हतं. बायकांशी बोलायला मी आधीच बिचकतो. ती गडहिंग्लजच्या पुढची, लिंगायत घरातली. सडपातळ, ताठ, कपाळाला विभूती. पहाटे अंघोळ करून गळ्यातल्या करडगीतून, म्हणजे चांदीच्या डबीतून, इष्टलिंग काढायची, डाव्या तळहातावर ठेवून पूजा करायची, आणि ती होईपर्यंत पाणीदेखील प्यायची नाही. मराठी बोलायची, तीही तिकडच्या बायकांसारखी 'मी येतो, मी जातो' अशी, पण चिडली की कन्नडात शिरायची. तिचा एकुलता एक मुलगा बसवेश बेंगळूरला मोठ्या कंपनीत होता. पूर्वी तो दिवाळीला आणि गावच्या जत्रेला येऊन आईला चार दिवस घरी न्यायचा. त्या साली जत्रेला आला नाही. कॅमेऱ्यावरून म्हणाला, "अव्वा, आता दर शनिवारी भेटतोयच की आपण." शांतव्वानं कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत बघून पदर सारखा केला आणि हसून "व्हय की" म्हणाली.

एका दुपारी मी कॉम्प्युटरपाशी एकटाच बसलो होतो. नुकती लाईट आली होती. शांतव्वा येऊन खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"मास्तर, ह्ये यंत्र मला येकटीला लावाय येईल का?"

मी मास्तर नव्हतो, पण तिनं मला दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही.

"येईल की. पण एकटीनं कशाला? शनिवारी शिवलीलाताई असतातच."

"त्या असत्यात म्हणूनच."

मग ती खुर्ची ओढून बसली आणि दाराकडे एकदा बघून तिनं मला सांगितलं. मला का सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा मी जाऊन सांगावं असं माझं कुणी नव्हतंच म्हणून.

तिच्या गावचा गणपतराव कोल्हापूरला डोळे तपासायला आला होता. जाता जाता तिला भेटून गेला. बोलता बोलता म्हणाला, "शांतव्वा, तुमच्या रानात माणसं टेप धरून फिरत हुती. बसवेशनं इकलं म्हणत्यात. खरं-खोटं मला म्हाईत न्हाय."

रान हिरण्यकेशीच्या काठी होतं. आश्रमात येण्याआधीच तिनं ते मुलाच्या नावावर करून दिलं होतं.

"इकू दे की," ती म्हणाली. "त्येचं हाय. त्यो काय नांगर धरणार हाय? रानाचं मला काय न्हाय, मास्तर. पर तितं त्येचा बा हाय."

त्यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. बसलेल्या स्थितीत, हातात त्याचं इष्टलिंग देऊन, विभूती आणि बेलपत्री घालून आपल्याच रानात माती देतात. तिचे यजमान शिवाप्पा बांधावरच्या कडुलिंबाखाली होते. वर दगडी कट्टा बांधलेला.

"कट्टा बांधताना मी गवंड्याला म्हटलं, उजव्या अंगाला एक माणूस बसंल एवढी जागा सोड. त्यो हसाय लागला. म्हटला, अव्वा, एवढी घाई? म्हटलं, घाई कशाची? एसटीत रुमाल टाकून ठेवत्यात, तसं." ती थोडी हसली. "आता गाडीच इकली काय म्हणून इचारायचं हाय."

"मग विचारा ना शनिवारी."

"शिवलीलाबाईंच्या म्होरं? त्या आमच्यातल्याच. कन्नड बी येतंय त्यास्नी. माझ्या सुनंच्या निपाणीच्या माहेराकडनं नातं लागतंय. मी हितं एक शब्द बोललो, की रात्री लक्ष्मीपुरीत आणि सकाळी निपाणीत. पोरानं बापाची माती इकली म्हणत्याल. अब्रू हाय त्येची."

मी म्हणालो, रस्त्यापलीकडे एसटीडी बूथ आहे, तिथून फोन लावू. मी येतो सोबत.

"फोन नको. फोनवर नुस्ता आवाज. आवाजानं त्यो मला ल्हान हुता तवापासनं फसवतोय. शाळंला न्हाय गेला तरी गेलो म्हणायचा. तोंड दिसलं पायजे. तोंड बघितलं की मला कळतंय."

तर असं ते शिकणं सुरू झालं. तिला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. तिनं जागा पाठ केल्या. कुठलं चित्र कुठल्या कोपऱ्यात, त्याच्यावर किती टिचक्या, मग कुठलं चित्र येतं. बसवेशच्या नावाशेजारी हिरवा ठिपका असला तर तो तिकडे बसलेला आहे. हिरव्या फोनवर टिचकी मारली की लागतो, तांबड्यावर मारली की बंद होतो. अडचण माउसची होती. आयुष्यभर भाकरी थापलेला हात. ती माउस असा दाबायची की पडद्यावर भलत्याच खिडक्या उघडायच्या.

"हळू," मी म्हणायचो.

"हळू म्हंजे किती हळू?"

"कपाळाला विभूती लावताना बोट टेकवता तेवढं."

ते तिला लगेच जमलं. मला आयुष्यात सुचलेल्या थोड्या कामाच्या गोष्टींपैकी ती एक असावी.

भारनियमनामुळे दुपारी लाईट जायची. मग काळ्या पडद्यासमोर बसून ती प्रश्नाची तयारी करायची. एकदा म्हणाली, "तुमी बसवेश व्हा."

"मी?"

"व्हा की. काय बिघडत न्हाय."

मी समोरच्या खुर्चीवर बसलो. मला फार अवघडल्यासारखं झालं. "बोल अव्वा," मी म्हणालो.

"रान इकलंस का?"

मी चष्मा सारखा केला.

"बोला की!"

"मला नाही सुचत काही."

"तुमास्नी सुचंना, त्येला तर कसं सुचंल," ती म्हणाली आणि स्वतःशीच बोटांवर मोजू लागली. "न्हाय म्हटला तर झालंच. इकलं म्हटला, तर इचारायचं कट्टा सोडलास का. खरेदीत तेवढी जागा सोडून द्याय येती, गावात दोघातिघांनी दिलीया. कट्टा सोडला असंल तर बाकी रान गेलं तर गेलं. मी हितं काय तरास देत न्हाय. पडून ऱ्हातो. शेवटी तेवढं तितं नेऊन बसवलं की झालं."

"आणि कट्टापण सोडला नसेल तर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी हे विचारायला नको होतं. मी पुस्तकात वाचलेली माणसं पुढचं पाऊल आधीच बघतात, खऱ्या माणसांना तेवढी घाई नसते.

"सोडला असंल," ती म्हणाली.

तिला सगळं येऊ लागलं तरी शनिवार चारची वेळ चुकवता येत नव्हती. बसवेश तेव्हाच तिकडे बसायचा, आणि तेव्हा शिवलीलाताई हॉलमध्ये असणारच. यावर उपाय शांतव्वानंच काढला. मला तो सात जन्मांत सुचला नसता.

शनिवारी ताई आल्या, भडंगाचा डबा ठेवला, तशी ती उभी राहिली.

"ताई, आज माझी परीक्षा घ्या."

"कसली परीक्षा, आजी?"

"मी येकटीनं लावतो. बंद बी येकटीच करतो. तुमी समदी भाईर व्हरांड्यात बसायचं. पोराला दाखवायचं हाय, आयला कुणी लावून दिलं न्हाय म्हणून."

शिवलीलाताईंचे डोळे भरून आले. खरंच आले, मी पाहिलं. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "आजी! तुम्ही शिकलात? कधी? अहो, आमच्या मंडळात सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही."

"मास्तरांनी शिकीवलं. त्ये दारात ऱ्हातील. काय आडलं तर."

"मास्तर न्हवं, सुपरवायझर!" पिराजी ओरडला. "कॉपी पुरवू नगा हं, मास्तर."

सगळे हसत हसत व्हरांड्यात गेले. ताईंनी स्वतः खुर्च्या उचलून बाहेर नेल्या. दार अर्धं लोटून मी उंबऱ्यात उभा राहिलो. माझ्या पाठीमागे भडंग वाटल्याचा आवाज येत होता आणि समोर शांतव्वाची पाठ होती. तिच्या खांद्यावरून मला पडदा दिसत होता. तिथे उभं राहून बघावं की तोंड फिरवावं हे मला ठरवता येईना, आणि ठरेना म्हणून मी बघत राहिलो.

तिनं बोट टेकवलं, हळूच. घंटी वाजू लागली. बसवेश दिसला. मागे पांढरी भिंत, खिडकीला निळा पडदा.

"नमस्कार ताई... अव्वा? ताई कुठायत?"

"भाईर हायत. मीच लावलं."

"तू? खोटं!"

"माझ्या बोटानं लावलं."

तो इतक्या जोरात हसला की बाहेरूनही टाळ्या पडल्या. "अगं, ऐकलंस का? अव्वानं स्वतः कॉल लावला! पोरांना बोलव, पोरांना बोलव!" सून आली. दोन नातवंडं आली आणि पडद्यात गर्दी झाली. "अज्जी, यू आर सो कूल!" मोठी म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सून म्हणाली, "आता तर काय, अव्वा आम्हालाच शिकवतील." बसवेश म्हणाला, "माझं अर्धं टेन्शन गेलं बघ. आता तुझी मला काळजीच नाही. वाटेल तेव्हा लाव."

शांतव्वा हसत होती. छोट्या चौकटीत तिचं हसू मला दिसत होतं. ते पुरं होऊ दिलं तिनं. मग म्हणाली, "पोरास्नी खेळाय जाऊ दे. तू बस जरा."

सून आणि मुलं गेली. बसवेश पुढे सरकून बसला. "बोल. बरं नाही का?"

"बरं हाय. गणपतराव आलता."

"कोण गणपतराव?"

"आपल्या वरच्या आळीचा. म्हटला, रानात माणसं टेप धरून फिरत्यात."

"त्याला काय काम आहे दुसरं?" तो पटकन म्हणाला. "गावातली माणसं ना अव्वा, काहीही बोलतात. तू डोक्यात घेऊ नकोस. जेवण वेळेवर मिळतंय ना?"

"मिळतंय. रान इकलंस का?"

"अगं हे कॅमेऱ्यावर बोलायचं का? मी येईन तेव्हा बोलू."

"कवा येणार?"

"बघतो. सुट्टीचं बघतो."

"बसवेशा, मी रागावलो न्हाय. इकलंस तर इकलंस म्हण. तुझं हाय त्ये. मला फकस्त येवढंच सांग, लिंबाखालचा कट्टा सोडलास का? बाच्या शेजारची जागा. खरेदीत तेवढं लिव्हून घेतलंस का?"

बसवेश बोलला नाही. त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं, एक हात हनुवटीपाशी, नजर कॅमेऱ्याच्या जरा खाली. तसाच थांबला.

चित्र अडकणं आम्हाला नवं नव्हतं. आठवड्याला एकदोघांची नातवंडं अशी अर्ध्या हसण्यात थिजायची. मग शिवलीलाताई बंद करून पुन्हा लावायच्या. मीही आत जायला पाऊल उचललं. मनात म्हटलं, नेमकं आत्ताच अडकावं.

आणि मला खिडकीचा पडदा दिसला. तो हलत होता. वर, चौकटीच्या काठाला, छतावरच्या पंख्याचं एक पातं येत होतं आणि जात होतं. येत होतं आणि जात होतं.

मी थांबलो. माझे डोळे काही फार चांगले नाहीत. मला वाटलं, मी चुकतोय. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. पंखा फिरत होता. त्याच्याखाली बसवेश दगडासारखा बसला होता. मग त्याच्या पापण्या लवल्या. एकदाच. लगेच त्यानं त्या पुन्हा ताणून धरल्या.

शांतव्वा पडद्याच्या जवळ सरकली. इतकी जवळ की तिच्या श्वासानं काच धुरकटली असती. तिला हवं होतं ते तोंड समोर होतं. ती ते बघत राहिली. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तिचंही तोंड दिसत होतं. तिथे आता हसू नव्हतं, पण रडूही नव्हतं. नेम धरून सुईत दोरा ओवताना बायका बघतात तसं ती बघत होती.

व्हरांड्यात पिराजी कुणाला तरी सांगत होता, "ह्या वयात शिकली म्हंजे काय खाऊ न्हाय."

बराच वेळ गेला. निदान मला तो बराच वाटला. बसवेशची हनुवटी धरलेली बोटं थरथरायला लागली होती.

"हल रं," शांतव्वा म्हणाली. लहान मुलाला झोपेतून उठवताना काढावा तसा आवाज होता. "हल आता. अवघडशील."

तो हलला नाही.

तिनं माउसवर हात ठेवला. तांबडा फोन बरोबर शोधला. विभूतीचं बोट टेकवावं तेवढंच दाबलं. बसवेश गेला, पंखा गेला, पडद्यावर नुसतं निळं राहिलं. मग तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बोलवा समद्यास्नी."

मला बोलवावं लागलंच नाही. आवाज थांबलेला कळताच शिवलीलाताई आत आल्या होत्या.

"झालं एवढ्यात? काय म्हणाले?"

"लाईन गेली," शांतव्वा म्हणाली.

"अरेरे! नेमकी आजच!" ताईंनी माझ्याकडे बघितलं. "हो का हो, काका?"

शांतव्वा माझ्याकडे बघत नव्हती. ती कॉम्प्युटरवर लुगड्याचा तुकडा नीट पांघरत होती, चारी कोपरे सारखे करत होती.

"हो," मी म्हणालो.

"हरकत नाही. लावलात एकटीनं, बंद केलात एकटीनं. पास! शंभरपैकी शंभर!" ताईंनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. बनाबाईंनीही वाजवल्या. पिराजी म्हणाला, "शांतव्वा, पेढं पायजेत." कुणीतरी भडंगाची वाटी तिच्या हातात दिली.

शिवलीलाताईंना राहवेना. त्यांनी पर्समधून मोबाईल काढला. "थांबा, बसवेशना सांगते, आई पहिल्या नंबरानं पास झाल्या म्हणून. नाहीतर त्यांना रुखरुख लागेल." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तोवर फोन लागला होता.

"हॅलो, मी शिवलीला, कोल्हापूरहून... हो, हो, बघितलंत ना? कमाल आहे की नाही?... हो ना, आम्ही पण तेच म्हणालो... बरं, बरं. सांगते हं." त्यांनी मोबाईलवर हात ठेवला आणि आनंदानं वळल्या. "आजी, ते पण तेच म्हणतायत. मध्येच चित्र अडकलं, तुमचं शेवटचं काही ऐकूच आलं नाही म्हणे. पुन्हा लावू का? थांबलेत ते."

शांतव्वानं हातातल्या वाटीतले चार दाणे तोंडात टाकले. बराच वेळ चावले.

"नको," ती म्हणाली. "दमला असंल त्यो."

"ऐकू नाही आलं म्हणतायत, तुम्ही काय विचारत होतात?"

"काय न्हाय. जेवलास का म्हणून इचारत हुतो." मग ताईंच्या चेहऱ्याकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती आणखी म्हणाली, "ऐकाय आलं न्हाय म्हटला म्हंजे आलं नसंल. माझं पोर खोटं बोलायचं न्हाय."

ताईंनी ते तसंच्या तसं फोनवर सांगितलं.